एप्रिलचा पावसाचा आकडा आणि आपलं वावर

राम राम मंडळी. एप्रिलच्या मध्यात हवामान खात्याचा पहिला अंदाज येतो आणि दुसऱ्याच दिवशी कृषी केंद्रावर सुरू होतं, "औंदा पाणी बरं आहे म्हणे!" बियाण्याच्या पिशव्या उचलण्याआधी तो आकडा कशाचा असतो, ते बघू.

[पडद्यावर: 87 सेंटिमीटर]

1971 ते 2020 मधल्या जून ते सप्टेंबरच्या पावसाची ही सरासरी, अख्ख्या देशाची. तिच्या 96 ते 104 टक्के पडला की 'सामान्य'. एप्रिलच्या अंदाजात पाच टक्के कमीजास्त धरलेलंच असतं. म्हणजे 98 सांगितले आणि 93 पडले, तरी खात्याच्या हिशेबात बसतं. पण 93 हा 'सामान्यपेक्षा कमी' झाला ना!

एप्रिलमध्ये पॅसिफिक समुद्राचं तापमान बदलत असतं, एल निनो, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापणं आणि त्यानं आपला पाऊस घटण्याची भीती, टिकणार की विरणार हे तेव्हा नीट कळत नाही. म्हणून मेअखेरचा सुधारित अंदाज जास्त कामाचा. आणि एल निनो आला म्हणजे दुष्काळच, असंही नाही. 1997 चा एल निनो जबर होता, तरी देशात 102 टक्के पाऊस झाला.

आता खरी मेख. 2023 मध्ये देशाचा हंगाम 94 टक्क्यांवर संपला. कागदावर फार वाईट नाही. पण जुलैत सरासरीच्या 13 टक्के जास्त पडला आणि ऑगस्टमध्ये 36 टक्के कमी, 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सोयाबीन फुलोऱ्यात, शेंगेत असतं ते याच दिवसांत. हंगामाच्या बेरजेत असा खंड दिसत नाही.

[पडद्यावर: शक्यतेचा रंगीत नकाशा]

गडचिरोलीत पडतो त्याच्या जवळपास निम्म्यावर अकोला, बुलढाणा भागवतात. त्यामुळे देशाचा आकडा सोडा, नकाशा बघा. कमी, सामान्य, जास्त अशा तीन वाटण्या. काहीच कळत नसेल तर प्रत्येकीला 33 टक्के. नकाशात जमिनीच्या जागी पांढरा भाग दिसला तर त्याचा अर्थ तोच. आपल्या भागावर 'जास्त' 45 टक्के असेल, तरी 55 टक्के शक्यता उरलेल्या दोघांची. एवढ्यावर सगळं वावर एकाच पिकाखाली घालू नका. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्या, लवकर येणारं वाण थोडं तरी ठेवा. चार-सहा ओळींनंतर सरी पाडा. झड लागली तर पाणी निघतं, उघाड पडली तर ओल धरते.

पेरणीची तारीख मात्र हंगामी अंदाजावरून ठरवायची नाही. त्यासाठी दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा अंदाज बघा. त्यातले पहिले दोन आठवडे धरा, पुढचे नुसते वाचा.

आणि स्वतः मोजा. मृगाच्या एका सरीवर तिफण काढली की दुबार पेरणी आलीच. भारी काळ्या जमिनीत 75 ते 100 मिलिमीटर पाऊस जिरल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा धुऱ्यावर ठेवा, झाडापासून दूर. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवा, एक सेंटिमीटर म्हणजे 10 मिलिमीटर. वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. कालचं पाणी आत राहिलं तर बेरीज फुगते.