दुष्काळावरचे लेख शोधताना

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडण्याच्या आणि रस्त्यांच्या कामांवर गेली, आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला त्याच काळात राज्यव्यापी रूप आले. या योजनेवर देशविदेशांतील अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यातील बराच भाग आज विद्यापीठाच्या ग्रंथालयातून संगणकावर वाचता येतो. मात्र तो मागायचा कसा, हे शिकावे लागते.

पडद्यावर आहे जेस्टोर हा अभ्यासविषयक नियतकालिकांचा संगणकीय संग्रह. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक यात आहेत. शोधाच्या चौकटीत ‘एम्प्लॉयमेंट गॅरंटी स्कीम’ हे योजनेचे इंग्रजी नाव नुसते टाकले, तर विमा, बँका आणि निवृत्तिवेतनावरचे लेखही समोर येतात, कारण हे तीन शब्द लेखात एकमेकांपासून कितीही दूर असले तरी संगणकाला चालतात. तेच शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत घातले, की ते सलग जिथे आले आहेत तेवढेच लेख उरतात. त्यापुढे ‘अँड’ लिहून महाराष्ट्राचे नाव जोडावे. यादी आटोपशीर होते.

यानंतरची अडचण मात्र खास आपली आहे. संगणक अक्षरे जुळवतो, आणि आपल्या गावांची नावे इंग्रजीत वेळोवेळी बदलत गेली आहेत. जुन्या लेखांत पुणे ‘पूना’ आहे, मुंबई ‘बॉम्बे’ आहे. आजचे अहिल्यानगर तिथे अहमदनगर आहे आणि छत्रपती संभाजीनगर औरंगाबाद. जो केवळ आजचे नाव टाकतो, त्याला नेमके दुष्काळाच्या वर्षांत लिहिलेले लेख दिसत नाहीत, आणि अभ्यासाच्या दृष्टीने ही हानी मोठी आहे. म्हणून जुने आणि नवे नाव मध्ये ‘ऑर’ घालून एकाच कंसात लिहावे.

एक चांगला लेख हाती आला, की त्याची संदर्भसूची आधीच्या लेखनाकडे नेते. तो लेख पुढे कोणी उद्धृत केला, हे लेखांच्या संदर्भांची नोंद ठेवणाऱ्या स्कोपससारख्या सूचीत पाहता येते.

अभ्यासविषयक नियतकालिकांची वर्गणी लहान विद्यापीठांना झेपणारी नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली आणि ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना खुली करणारी ही योजना गडचिरोलीसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला खरोखर उपयोगी आहे, पण तिची माहिती ग्रंथालयाने त्याच्यापर्यंत आपणहून पोहोचवली पाहिजे.

मराठी लेखनासाठी वाट वेगळी आहे. वाईच्या ‘नवभारत’सारखी नियतकालिके परदेशी प्रकाशकांच्या संग्रहांत नसतात. अशा वेळी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे संकेतस्थळ उघडावे. तिथे देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध विनामूल्य आहेत, मराठीत लिहिलेलेही आहेत, आणि त्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत मराठी लेखांचे महिने आणि वर्षे मिळतात. ती टिपून घेऊन ग्रंथालयाच्या नियतकालिक विभागात जावे आणि बांधीव खंड मागावेत. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला. तेव्हा १९७२ ते १९७९ या वर्षांचे खंड आधी पाहावेत.