खालच्या फळीवरची पुस्तकं

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गावच्या वाचनालयात काचेची कपाटं होती, त्यांत कादंबऱ्या आणि कवितासंग्रह. आणि भिंतीलगत एक खालची फळी होती, अगदी जमिनीला टेकलेली. रहस्यकथा, भुताखेतांच्या गोष्टी, पाककृती, प्रवासवर्णनं, सगळं तिथे. पुस्तक शोधायचं तर उकिडवं बसावं लागे. रहस्यकथा घेऊन मी टेबलाशी गेले की ग्रंथपाल शिक्का मारता मारता म्हणायचे, "पोरी, जरा चांगलं काहीतरी वाच." त्याला आता चाळीस वर्षं झाली, पण तो शब्द अजून टोचतो. मला वाचनाची गोडी लागली ती त्या खालच्या फळीमुळेच.

बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. सगळ्या सारख्या सरस नाहीत, हे मी मान्य करते. पण त्यांच्या झुंजार किंवा काळापहाड या नायकांची गोष्ट हातात घेतली की जेवायची हाक ऐकू यायची नाही. वाचणाऱ्याला पुढचं पान उलटायला लावणं ही मोठी कारागिरी आहे आणि ती ज्याला साधते त्याला मी लेखकच म्हणते.

विज्ञानकथेचंही तसंच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. ते होते जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला गोष्ट सांगावीशी वाटली आणि ती नावाच्या वजनाशिवाय तपासली जावी असंही वाटलं. मला हे फार भावतं.

स्वयंपाकाच्या पुस्तकाला तर कुणी वाङ्मय म्हणतच नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. त्यात मापं वाटी-चमच्याची, म्हणजे आपल्या ओट्यावर जे असतं त्याची. ज्या मुलीला शिकवायला घरात कुणी मोठं माणूस नाही, तिच्याशी हे पुस्तक बोलतं. आमच्या प्रतीत आईनं समासात पेन्सिलीनं लिहिलंय, 'आपल्या शेगडीला पाच मिनिटं जास्त'. काचेच्या कपाटातल्या किती पुस्तकांशी वाचक असं बोललाय?

आता ज्या पुस्तकासाठी मुद्दाम आज आले, त्याकडे वळते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. तेही मला खालच्या फळीवरच सापडलं, प्रवासवर्णनांत. घरची ओढगस्त, म्हणून भटजी आपल्या काकांना घेऊन १८५७ साली उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढीच आशा. आणि वाटेत बंड पेटलं. १८५८ च्या वेढ्यात ते झाशीच्या आत होते. तोफा, जाळपोळ, कत्तल, लपूनछपून काढलेले दिवस, सगळं त्यांनी लिहिलंय. साठवलेली दक्षिणा लुटली गेली, तेही.

एक प्रसंग मी कितीदा वाचला असेल! झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी भटजींना राणी लक्ष्मीबाई भेटतात. पठाणी पोशाख, अंगावर धूळ, घशाला कोरड. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, असं म्हणून राणी स्वतः पाणी काढतात आणि ओंजळीनं पितात. इथे घोडा उधळत नाही, तलवार चमकत नाही. दमलेली एक बाई आहे, दोर आणि विहीर आहे. राणीवरच्या भरजरी कादंबऱ्या मी वाचल्यात, पण त्या विहिरीशी मी जितकी थांबले तितकी कुठेच थांबले नाही.

भटजी परतले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन, आईवडिलांना त्या पाण्यानं न्हाऊ घालायला. पैसा फारसा उरला नव्हता. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक प्रथम छापलं, तेही बदल करून. मूळ हस्तलिखितावरून छापलेली आवृत्ती नंतर निघाली. वाचनालयात गेलात तर तीच मागा. भाषा जुनी आहे, सुरुवातीला अडखळायला होईल. पहिली दहा पानं घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, मग ती आपोआप तोंडात बसते.

नमस्कार.