तक्रार नसलेल्यांची तपासणी

(दृश्य : बाळाची टाच, अगदी जवळून)

या बाळाचं वय आहे दोन दिवस. दूध पितंय, रडतंय, झोपतंय. सगळं कसं छान. तरीही लपलेले जन्मजात आजार शोधायला थोडं रक्त हवं, म्हणून परिचारिका त्याची टाच कोमट कापडात गुंडाळून बसली आहे. ऊब मिळाली की रक्त मोकळं येतं.

टोचायचं ते टाचेच्या कडेला. मागच्या गोलाईवर नाही, तिथे हाड फार जवळ असतं. पहिला थेंब पुसून टाकायचा. दुसरा नीट मोठा होऊ द्यायचा आणि जाड फिल्टर पेपरवरच्या गोलाला अलगद टेकवायचा. डाग कागदाच्या पाठीपर्यंत उतरला पाहिजे. मग पुढचा गोल. घाईघाईने टाच पिळली, तर रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळतं, नमुना बाद होतो आणि त्याच बाळाला पुन्हा टोचावं लागतं.

(दृश्य : स्टँडवर आडवी ठेवलेली कार्डं)

आता तीन-चार तास वाळू द्यायचं. उन्हात नाही, हीटरसमोर नाही, एकावर एक रचून तर नाहीच.

कागदावर रक्त वाळवायची ही पद्धत रुळली ती अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांच्यामुळे. त्यांच्या एका मुलाला बौद्धिक अक्षमता होती, आणि भाचीला पीकेयू, म्हणजे फेनिलकीटोन्यूरिया. या आजारात अन्नातल्या प्रथिनांमधलं फेनिलअ‍ॅलनिन शरीराला मोडता येत नाही. ते साठत जातं आणि मेंदूवर घाला घालतं. नॉर्वेच्या आस्ब्यर्न फोलिंग यांनी हा आजार 1934 मध्येच ओळखला होता. पुढे त्यावर पथ्याचा आहारही सापडला. अडचण वेळेची होती. आजार लक्षात येईपर्यंत मेंदूचं नुकसान होऊन गेलेलं असायचं.

(दृश्य : बशीतल्या जेलवर रक्ताच्या टिकल्या)

गथ्रींची युक्ती बघा. जेलमध्ये जिवाणू, आणि त्यांची वाढ रोखणारं एक रसायन. त्यावर वाळलेल्या रक्ताची बारीक टिकली. रक्तात फेनिलअ‍ॅलनिन जास्त असेल, तर रसायनाचा जोर चालत नाही आणि टिकलीभोवती जिवाणूंचं पांढुरकं कडं उमटतं. बास. महागडं यंत्र नाही, काही नाही. 1963 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ही चाचणी कायद्यानेच सक्तीची केली.

(दृश्य : कार्डातून टिकल्या कापणारं यंत्र)

आज बशीची जागा मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राने घेतली आहे. एकाच टिकलीतून कितीतरी चयापचय विकार तपासले जातात. थायरॉइडचा जन्मजात अभाव त्याच कार्डावर, पण वेगळ्या चाचणीने कळतो. त्यात पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं, तर बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात. उशीर झाला, तर झालेलं नुकसान भरून येत नाही.

(दृश्य : झोपलेलं बाळ, कानात मऊ टोकाची नळी)

ही श्रवण तपासणी. कानात हलका आवाज सोडला की निरोगी अंतर्कर्ण स्वतः एक बारीक प्रतिसाद देतो, आणि तो यंत्र टिपतं. बाळाला जागं करायची गरज नाही. जागं नसलेलंच बरं!

एक गोष्ट मात्र आईवडिलांना स्पष्ट सांगायला हवी. या पहिल्या तपासणीत काही वेगळं दिसलं म्हणजे आजार ठरला, असं नाही. पुन्हा बोलावणं आलं, तर जायचं. पुष्कळदा दुसरी तपासणी व्यवस्थित निघते.

(दृश्य : पडद्यावर डोळ्याचं मोठं छायाचित्र)

आता दुसरी खोली. इथे बसलेल्यांना मधुमेह आहे. यांनाही दिसतंय, चालता येतंय, तक्रार काही नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घातले, कॅमेऱ्यात बघायला सांगितलं, लख्ख उजेड पडला आणि झालं. नारिंगी रंगावर पसरलेलं रक्तवाहिन्यांचं हे जाळं म्हणजे डोळ्याचा पडदा. त्यावरचे हे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीला आलेले फुगवटे. हे ठिपके चष्म्याचा नंबर बदलत नाहीत, दुखत नाहीत. वर्तमानपत्र पूर्वीइतकंच स्वच्छ वाचता येतं. लेझरचा, इंजेक्शनचा उपयोग सर्वात जास्त होतो तो नजर शाबूत असताना, आणि नेमकं तेव्हाच कुणाला दवाखान्यात जावंसं वाटत नाही.

टाइप 2 मधुमेहात निदान झाल्या झाल्याच डोळे तपासायचे असतात, कारण साखर कधीपासून वाढलेली होती हे कुणालाच माहीत नसतं. टाइप 1 मध्ये निदानापासून पाच वर्षांच्या आत. पुढे साधारण दरवर्षी.

(दृश्य : तळपाय, त्यावर टेकलेला नायलॉनचा तंतू)

डोळे मिटायचे. तंतू टेकला की ‘हो’ म्हणायचं. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा हा तंतू आहे. अंगठा, मग चवड्याच्या जागा. तंतू वाकलाय आणि ‘हो’ येत नाहीये, हे इथे दिसतंय. अशा पायाला बुटातला खडाही कळत नाही.

मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ दरवर्षी बघतात. बाटलीत चित्रीकरण करण्यासारखं काही नसतं, म्हणून ही तपासणी कमी महत्त्वाची ठरत नाही.

(दृश्य : रिकाम्या खुर्च्या, टेबलावर नावांची यादी)

बाळ तपासणीतून सहसा सुटत नाही, कारण ते प्रसूतिगृहातच असतं. मधुमेहाच्या रुग्णाला स्वतः आठवणीने यावं लागतं आणि ‘काही होत नाहीये ना’ म्हणून तो येत नाही. दोष त्याच्या विसरभोळेपणाला द्यायचा आणि मोकळं व्हायचं, ही आपली सोयीची सवय. इंग्लंडमध्ये 2003 मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात मधुमेहींच्या नोंदवहीतल्या बारा वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाला डोळ्यांच्या तपासणीचं पत्र जातं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये नोकरीच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिल्या क्रमांकाचं कारण आता मधुमेहाने होणारा डोळ्याचा आजार राहिलेला नाही. गेल्या पन्नास वर्षांत हे प्रथमच घडलं. श्रेय एकट्या पत्राचं नाही, पण पत्राशिवाय लोक खुर्चीपर्यंत आले नसते.

डोळ्यांतल्या थेंबांचा अंमल चढायला वीसेक मिनिटं जातात. तेवढ्यात पाय तपासून होतो आणि लघवीचा नमुनाही देऊन होतो.