उमेदवार दारात यायच्या आधी

(अंबाजोगाई इथे ऑक्टोबर २०२५ मध्ये मराठवाड्यातल्या छोट्या संस्थांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित रूप.)

मंडळी, दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली. एरवी हे दिवस सोयाबीनच्या मळणीचे आणि ज्वारीच्या पेरणीचे. यंदा सोयाबीनचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सिंदफणा, सीना, सगळ्यांनी पात्र सोडलं. परंडा-भूमकडं नुसतं पीक नाही, शेतातली मातीच वाहून गेली. सरकारनं ७ तारखेला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलंय, आणि आपल्यातल्या कितीतरी संस्था अजून किराणा किट आणि पंचनाम्याच्या याद्यांतून बाहेर आलेल्या नाहीत. अशा वेळी नियोजनावर बोलायला उभं राहायचं म्हणजे अंमळ निर्लज्जपणाच आहे. तरी बोलते, कारण पुढच्या महिन्यात तुम्ही ऐकायला मोकळे नसणार.

आपल्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून प्रशासक. आता सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घालून दिली आहे. म्हणजे नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती, महापालिका, सगळं एकापाठोपाठ एक येणार. साडेतीन वर्षं तुंबलेली इच्छुकांची गर्दी आहे. प्रत्येकाला माणसं हवीत, याद्या हव्यात, गाड्या हव्यात, आणि या तिन्ही गोष्टी आपल्याकडं आहेत.

आचारसंहिता लागली की काय होतं ते जुन्या मंडळींना माहीत आहे. चालू कामं चालू राहतात, नव्या मंजुऱ्या थांबतात. साहेब कार्यक्रमाला येत नाहीत, शासकीय सभागृह मिळत नाही, टेबलावरची फाईल ‘आता निकालानंतर बघू’ म्हणून बाजूला पडते. याची आपण दरवेळी तक्रार करतो. तक्रार कशाला? ज्या कागदावर सही लागते तो कागद दिवाळीच्या आत टेबलावर न्या, एवढंच त्यावर उत्तर आहे.

बीडवाल्यांसाठी यातला पहिला कागद हंगामी वसतिगृहाचा. यंदा उसाचं गाळप १ नोव्हेंबरपासून आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बसलेला कोयता, म्हणजे ऊसतोडीचं जोडपं, निवडणुकीसाठी थांबत नाही. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार इथल्या वस्त्या आणि तांडे पंधरा दिवसांत रिकामे होतात. कुठलं पोर आजीपाशी राहणार, कुठलं फडावर जाणार, ही यादी आईबाप गावात असतानाच होते. ती शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या ठरावासकट आत्ता तयार हवी. नंतर तुम्ही वसतिगृह उघडाल, पण मुलं साताऱ्या-सांगलीच्या फडात असतील.

याच जागी कंपन्यांच्या पैशाचा घोळ आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायला सांगितली, आणि आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असंही सांगितलं. आपल्याकडं वाळूज-शेंद्रा सोडलं तर कारखाने आहेत कुठं? मग हिंगोलीच्या संस्थेला पुण्याच्या कंपनीचा फोन येतो तो फेब्रुवारीत, पैसा उरला की. ‘३१ मार्चच्या आत खर्च करून दाखवा.’ आणि फेब्रुवारीत आमची बाई असते कारखान्यावर. मग शिबिरं घ्यायची कुणाची? उरलेल्या म्हाताऱ्यांची. रिपोर्टात ‘लाभार्थी २००’ असं छान दिसतं.

यावर वाट आहे. कायद्यात बहुवर्षीय प्रकल्पाची सोय आहे. कंपनीनं प्रकल्प तसा मंजूर केला, तर न खर्चलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाकून पुढची तीन आर्थिक वर्षं वापरता येते. हे कंपनीच्या माणसाला माहीत असतं, पण तो आपणहून सांगत नाही, कारण त्याला काम वाढतं. प्रस्ताव आत्ता पाठवा आणि त्यात स्पष्ट लिहा की आमच्या भागातली माणसं नोव्हेंबर ते मार्च गावात नसतात.

परदेशी पैशाचं थोडक्यात सांगते. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० ला झालेल्या दुरुस्तीनंतर असा निधी घेणारी संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेमार्फत आपल्याकडं जी धार यायची ती तिथंच आटली. यंदा जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये एक सही झाली, परदेशी मदत गोठली, आणि १ जुलैला यूएसएआयडी या अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेचं दुकान बंद झालं. तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठं तो पैसा होता? नव्हता. पण ज्यांना होता त्या मोठ्या संस्था आता देशी देणगीदारांच्या दारात उभ्या आहेत, म्हणजे आपल्याच रांगेत, आणि त्यांचं इंग्रजी आपल्यापेक्षा बरं आहे. त्यामुळं पुढच्या वर्षीचं बजेट मांडताना देणगीदाराच्या तोंडी आश्वासनाला शून्य किंमत धरा. पत्र हातात आलं की आकडा लिहा.

आणि १२ए-८०जी, म्हणजे संस्थेला आणि देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत देणारी नोंदणी. २०२१ मध्ये ज्यांना पाच वर्षांची नोंदणी मिळाली त्यांची मुदत येत्या ३१ मार्चला संपते, आणि नूतनीकरणाचा अर्ज ३० सप्टेंबरच्या आत करायचा होता. पुराच्या गडबडीत ज्यांचा राहिला त्यांनी घरी जायच्या आधी सीएला फोन लावा. १२एच्या उशिरासाठी माफीचा अर्ज करता येतो. २०२३ पासून तरतूद अशी आहे की नोंदणी वेळेत चालू ठेवली नाही तर संस्थेच्या मालमत्तेच्या किमतीवर कर लागू शकतो. तुमची ती दोन खोल्यांची इमारत त्यात येते.

आता ज्यासाठी मी खरं तर आले ते बोलते.

जिल्हा परिषदेत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. गटात, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघात, आरक्षण पडलं की पक्षाचा माणूस आधी कुणाकडं जातो? बचत गटाच्या अध्यक्षाकडं. तिला चारशे बाया नावानं ओळखतात, ती बँकेत बोलते, तहसीलला घाबरत नाही. हे सगळं तिला आपणच शिकवलं. आता ती उभी राहते म्हटल्यावर आपण कपाळाला आठ्या घालायच्या, हे मला पटत नाही. उभं राहू द्या. पण अर्ज भरायच्या दिवसापासून निकालापर्यंत तिनं संस्थेच्या पदावरून रजा घ्यायची. गटाची वही, शिक्का, संस्थेचं सिमकार्ड दुसरीकडं सोपवायचं. ती निवडून आली तर पद सोडायचं, पडली तर पुन्हा सन्मानानं कामावर यायचं. कार्यकर्ता पुरुष असेल तरी हेच. आणि परदेशी निधी असेल तर त्यातल्या डिझेलचा एक थेंबही प्रचाराच्या गाडीत जाता कामा नये. उमेदवाराला असा पैसा घ्यायला कायद्यानं बंदी आहे.

याद्यांचं तर मला भय वाटतं. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीसाठी गेला महिनाभर बाया आपल्या कार्यालयात येताहेत. नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी जातो. एका विधवा बाईचा नवराही गेलेला, वडीलही गेलेले. ती आपल्या कार्यालयातल्या मुलीला विचारत होती, ‘ताई, आता ओटीपी कुणाकडनं आणू?’ या निमित्तानं आपल्या टेबलावर हजारो बायांची नावं, मोबाईल नंबर, आधारच्या झेरॉक्सा जमल्या आहेत. इच्छुकाला याहून मोठं घबाड नाही. कोणी मागायला येणार नाही, तुमच्या ऑपरेटरला चहाला बोलावतील आणि पेनड्राइव्ह देतील. झेरॉक्सा परत द्या, नाहीतर फाडा. एक्सेलला पासवर्ड घाला, आणि तो एकाच माणसाकडं ठेवा.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे त्यातल्या जुन्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले द्यायचा, जीआर निघाला. निजामाच्या काळातल्या नोंदींना आज गावात वजन आलं. मराठा समाजाला वाटतं, हक्काचं आता कुठं मिळतंय. ओबीसींना वाटतं, आपल्या ताटातलं जातंय. बंजारा समाज त्याच गॅझेटवर बोट ठेवून आदिवासींच्या सवलती मागतोय. यात कोण बरोबर ते ठरवायला मी आले नाही, आणि संस्था म्हणून तुम्हीही ते ठरवू नये असं माझं मत आहे. पण एका गावातला बचत गट मी बघितला. अध्यक्ष एका समाजाची, सचिव दुसऱ्या. दर महिन्याला मारुतीच्या सभामंडपात बैठक. सप्टेंबरात कोषाध्यक्ष बाईचा नवरा म्हणाला, त्या गल्लीत जायचं नाही. बैठक झाली नाही, हप्ता थकला, बँकेचा फोन आला. शेवटी बायांनी जागा बदलली. अंगणवाडीच्या ओट्यावर बसल्या, दोन्ही गल्ल्यांच्या मधोमध. जीआरचा विषय कुणी काढला नाही. कर्जाचे हप्ते वाचले, पुरात गेलेल्या शेळ्यांचा पंचनामा झाला का विचारलं, सह्या केल्या, उठल्या. सलोखा वगैरे शब्द कुणीही वापरला नाही. निवडणुकीत हा ताण वाढणार. म्हणून पुढच्या चार महिन्यांच्या नियोजनात नवे गट काढायचं लक्ष्य ठेवू नका. आहेत त्या गटांची बैठक दर महिन्याला भरली तर मी म्हणेन तुमचं काम झालं. देणगीदाराला हे कसं सांगायचं? असंच सांगायचं. नाही पटलं तर नाही.

मदतीच्या पिशव्यांवर फोटो छापलेले तुम्ही पाहिले असतील. कुणी पिशव्या दिल्या तर घ्या, लोकांना गरज आहे. पण धान्य आपल्या पोत्यात ओतून वाटा. रागावतील. रागावू देत.

हे सगळं भाषणात ऐकून जाऊ नका. दिवाळीच्या आत कार्यकारिणीची बैठक लावा आणि प्रोसिडिंगमध्ये ठराव घ्या: गाडी कुणाला नाही, यादी कुणाला नाही, कुणाच्या व्यासपीठावर बसायचं नाही, उभा राहील त्यानं रजेवर जायचं. सगळ्यांच्या सह्या घ्या. त्याच बैठकीत विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्जही उरकून टाका, धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांच्या आत द्यावा लागतो. ठरावाची नक्कल कार्यालयाच्या भिंतीवर लावा. नोव्हेंबरात रात्री नऊ वाजता गावातलाच, नात्यातलाच कुणीतरी गाडी मागायला येईल, तेव्हा तुमच्या बावीस वर्षांच्या पोराला एकट्याच्या जिवावर ‘नाही’ म्हणावं लागणार नाही. तो म्हणेल, ‘मामा, हे बघा, समितीचा ठराव आहे.’ मामा वैतागेल आणि दुसरी गाडी शोधायला जाईल.