काळीच्या मुखाशी जिताडा

(पडद्यावर अंधार. मग पळीत हळूहळू चमकू लागलेलं शिसं.)

टायरच्या दुकानातून आणलेली बॅलन्सिंगची वजनं आहेत ही. शिसं 327 अंशांना वितळतं. या काकांचा हात त्याहून कितीतरी तापलेल्या धातूवर बसलेला, कारण त्यांचं आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेलं. तिथं लोखंडाचा रस चौदाशे अंशांच्या घरात असतो.

पण इथं, टिळकवाडीतल्या घराच्या मागच्या अंगणात, ते जिताडा नावाच्या माशासाठी वजन ओततात.

(दोन पाळ्यांचा साचा. अगदी जवळून.)

साचा ॲल्युमिनियमचा. आत गळ आडवा ठेवायचा, पाळ्या मिटायच्या, पळी तिरकी करायची. साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी त्याची वाफ होते आणि शिसं उसळून तोंडावर येतं. म्हणून काका साचा आधी शेगडीवर शेकून घेतात. पुतण्या वाकून बघायला लागला की हाताच्या कोपरानं त्याला मागं सारतात.

"लांब हो की रे! धूर खातोस काय?"

साच्यातून बाहेर पडतं ते माशाच्या डोक्याएवढं करडं वजन, त्याच्या पोटातून निघालेला गळ. कानशीनं कड घासायची, डोळा रंगवायचा, मागं रबरी शेपूट चढवायचं. पाण्यात ओढलं की शेपूट थरथरतं आणि मोठ्या माशाला ते जखमी पिल्लू वाटतं.

आता हे नीट बघा. गळाच्या टोकाजवळ उलटा दात असतो, एकदा रुतला की सुटू न देणारा. काका पक्कडीत धरून तो चेपतात. प्रत्येक गळाचा. बोट फिरवून बघतात, खरखर लागली तर पुन्हा चेपतात. मासा निसटेल ना अशानं? निसटतो कधी कधी. दोर सैल सोडला की निसटतोच.

(वॅक्सिन डेपोचं मैदान. पहाट. गवतावर सायकलचा टायर.)

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचावर. इथं खारं पाणी नाही, म्हणून सराव गवतावर. तीस पावलांवर टायर ठेवायचा आणि वजन नेमकं त्याच्या आत पडलं पाहिजे. फिरायला आलेली माणसं थांबतात, विचारतात, पुढं जातात. पुतण्या शंभर वेळा फेकतो. खाडीत तिवराच्या मुळांपासून हातभर लांब पडलं तर जिताडा हलतसुद्धा नाही, हे त्याला पाठ झालंय.

(घाटातली वळणं, गाडीच्या टपावर बांधलेले रॉड.)

खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा. मग अणशीचा घाट आणि कद्रा. जोयड्याच्या डोंगरात दिग्गीजवळ उगम पावलेली काळी नदी 184 किलोमीटर चालून कारवारजवळ समुद्राला मिळते. मे महिन्यात नदीचा जोर ओसरलेला असतो, म्हणून भरतीबरोबर खारं पाणी आत खोलवर चढतं आणि त्याच्याबरोबर मासा.

(सदाशिवगडाकडचा किनारा. अजून उजाडलेलं नाही.)

आमच्या होडीचे तांडेल मोबाईल बघत नाहीत. तिथी विचारतात.

"वद्य दशमी ना? दहाची पाऊणपट साडेसात. थोडं अलीकडे-पलीकडे धरा, दादा. त्यानंतर सुकती लागली की बघा."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तासाभराचा फरक पडतो, पण हा हिशेब कोकणपट्टीवर अजून चालतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, तिथी ते आपोआप सांगते. भरतीला तिवरांत शिरलेली कोळंबी आणि बारकी मासळी सुकतीबरोबर, म्हणजे ओहोटीबरोबर, बाहेर ओढली जाते. जिताडा तिथंच तोंडाशी, एखाद्या खुंटाच्या आडोशाला, वाट बघत असतो. प्रवाहाशी झुंजत बसत नाही तो. पाणी जिथं वळसा घेतं तिथं थांबतो.

(पूल. पाण्यावर खांबांच्या सावल्या.)

इथला जुना पूल 7 ऑगस्ट 2024 ला मध्यरात्रीनंतर कोसळला. एक ट्रक नदीत गेला, चालक वाचला. आज होड्या नव्या पुलाच्या खांबांना वळसा घालून चालल्यात.

आज इथं मासे पकडण्याची स्पर्धा आहे, छोटी. एका होडीत दोघं, आमिष फक्त नकली. वजनकाटा नाही. मासा ओल्या फळीवर आडवा ठेवायचा, तोंड मिटलेलं, शेजारी त्या दिवशीचं टोकन, फोटो, आणि परत पाण्यात. गुण लांबीचे. पूर्वी अशा शर्यतींत मासे तराजूला टांगले जायचे. मेलेला मासा जिंकायचा.

(रॉड वाकतो. पाणी फुटतं. आवाज फक्त रीलचा.)

जिताडा. गोव्याकडे चणक म्हणतात, मालवणाकडे खजुरा. उडी मारून मान झटकतो. गळ सुटतो तो इथंच. कल्ल्याची झाकणं धारदार, तोंड खरबरीत, म्हणून वेणीच्या दोरीपुढं जाड लीडर, म्हणजे गळाआधीचा जाड दोरीचा तुकडा, लागतो. पुतण्या ओढाताण लांबवत नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, थकवून थकवून आणलेला मासा सोडला तरी वाचत नाही.

(ओले हात. फळी. 87 सेंटीमीटरवर टेकलेलं शेपूट.)

काकांचा एक हात पोटाखाली, एक शेपटीशी. जबड्यानं लटकवलेला नाही. हे सगळं एका श्वासात व्हायला हवं, माशाच्या श्वासात.

जिताडा जन्मतो बहुतेक नर. वाढत वाढत मीटरभराच्या आसपास पोचतो तोवर त्याची मादी झालेली असते. खाडीतला सगळ्यात मोठा मासा, ज्याच्यासाठी सगळे इथं येतात, तो बहुधा मादीच असतो. पाऊस लागला की ती नदीच्या मुखाशी अंडी घालणार, लाखांनी. मे महिन्यात तिच्या पोटात पुढच्या वर्षांची खाडी असते.

(काका मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून आहेत. कल्ले उघडतात, मिटतात. कॅमेरा थांबलेला.)

...

(शेपटीचा फटका. पाणी गढूळ.)

बक्षीस दुसऱ्या होडीला गेलं. तांडेल म्हणतात, पूर्वी एवढा जिताडा जाळ्यात सर्रास यायचा, आता आला तर बातमी होते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना 61 दिवसांची बंदी आहे, त्यांचं घर त्या काळात दुसऱ्या कमाईवर चालतं.

(रात्र. टिळकवाडी. अंगणातला नळ.)

खारं पाणी रीलच्या बेअरिंगमध्ये राहिलं तर पुढच्या वेळी ती किरकिरते. काका ती बारीक धारेखाली धरून फिरवत राहतात. पुतण्या दोरी बोटांतून ओढून बघतोय. शेवटची वावभर दोरी खरबरीत झालीय, पुलाच्या खांबावरच्या कालवांना घासलेली. तेवढी कापून टाकतो.

1 जूनच्या आत अजून एक अमावस्या आहे. साचा शेगडीवर तापतोय.