बेंचवर बसून शिकलेला कोच: स्टीव्ह केर

नमस्कार मंडळी!

संध्याकाळी आपल्या नाशिकमधल्या कुठल्याही बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला अर्धा तास उभे राहा. एखादे तरी बाबा कोचला बाजूला घेऊन विचारताना दिसतीलच, "सर, आमच्या पोराला कधी उतरवणार?" मी कॉलेजच्या टीममध्ये होतो तेव्हा माझेही बाबा विचारायचे. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण उत्तर मला माहीत होतं.

म्हणून आज अशा खेळाडूबद्दल बोलू, ज्याची कारकीर्द बहुतेक बेंचवरच गेली. स्टीव्ह केर. हो, केर. झाडूवरचे विनोद कमेंटमध्ये करा.

जन्म १९६५ चा, बैरूतमधला. वडील माल्कम केर तिथल्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष. जानेवारी १९८४ मध्ये त्यांची कार्यालयाबाहेरच गोळ्या झाडून हत्या झाली. स्टीव्ह तेव्हा अठरा वर्षांचा, अ‍ॅरिझोनात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. हा विषय घाईत बोलण्याचा नाही, म्हणून इथेच थांबतो.

१९८८ मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये (इथे टीम नवे खेळाडू निवडतात) त्याचा नंबर लागला ५० वा. उंची सहा फूट तीन इंच. आपल्याकडे ताडमाड, एनबीएत बुटका. उडी बेताची, वेग बेताचा. पण नेम! त्याने टाकलेल्या थ्री-पॉइंटरपैकी (लांबून मारायचे, तीन गुणांचे फटके) ४५.४ टक्के आत गेले. एनबीएत हा विक्रम आहे. तरी १५ हंगामांची सरासरी सामन्याला जेमतेम ६ गुण, कारण उतरायचाच थोडा वेळ.

१९९७ ची फायनल, सहावा सामना. केरची शिकागो बुल्स आणि यूटा जॅझ, ८६-८६. टाइमआउटमध्ये मायकल जॉर्डन त्याला म्हणाला, तयार राहा. जॅझचा स्टॉकटन केरला सोडून जॉर्डनवर धावून जाणार, हा अंदाज होता, आणि तसंच झालं. पास आला, पाच सेकंद उरलेले, केरने मारला. आत! याच जॉर्डनने दोनेक वर्षांपूर्वी सरावात त्याच्या डोळ्यावर ठोसा मारला होता, बरं का.

मला मात्र २००३ जास्त आवडतं. वय ३७, टीम सॅन अँटोनियो स्पर्स. त्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) गडी जवळपास उतरलेलाच नाही. डॅलसविरुद्धच्या सहाव्या सामन्यात टोनी पार्कर आजारी, टीम मागे. केरला उतरवलं. चार थ्री मारले, चारही आत! इतके दिवस बसून हात गार कसे पडत नाहीत, हे मला आजही कळत नाही. त्या वर्षी त्याचं खेळाडू म्हणून पाचवं विजेतेपद.

आणि बेंचवर नुसतं बसत नाहीत, बघतात. बुल्सचे कोच फिल जॅक्सन आणि स्पर्सचे कोच ग्रेग पोपोविच टीम कशी चालवतात, हे त्याने वर्षानुवर्षं शेजारून पाहिलं. २०१४ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला कोच केलं, तेव्हा त्याने आधी कुठल्याच टीमला कोचिंग दिलेलं नव्हतं!

पहिलं काम काय केलं? आंद्रे इगुओडाला, तोवर कायम सुरुवातीच्या पाचांत खेळलेला माणूस, त्याला बेंचवर बसवलं. अख्खा हंगाम. मग २०१५ ची फायनल आली. क्लीव्हलँड २-१ ने पुढे. आपल्याकडे सकाळचे साडेसहा, मी चहा घेऊन मोबाइलसमोर. बघतो तर सात फुटी बोगट बाहेर आणि इगुओडाला सुरुवातीलाच आत! ही कल्पना निक युरेन नावाच्या तरुण सहायकाची होती. केरने आधी पत्रकारांना टीमबद्दल चक्क खोटं सांगितलं, जिंकल्यावर मात्र श्रेय त्या पोराला दिलं. स्कोअर १०३-८२. मालिका ४-२ ने खिशात, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू? इगुओडाला. पुढे २०१७, २०१८ आणि २०२२ ची विजेतेपदंही आली.

आता पॅरिस ऑलिंपिक, २०२४. केर अमेरिकेचा कोच. जेसन टेटम नुकताच बोस्टनकडून एनबीए जिंकून आलेला. सर्बियाविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत त्याला एक मिनिटही मिळालं नाही. ऑलिंपिकचा सामना ४० मिनिटांचा, एनबीएपेक्षा ८ ने कमी; बारा जणांत वाटून वाटणार किती? उपांत्य सामन्यात एका क्षणी १७ गुणांनी मागे होते, तरी टेटम बेंचवरच. जिंकले ९५-९१, पुढे सुवर्णही.

हे सगळं परवा बाबांना सांगितलं. शांतपणे ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "पण त्या टेटमच्या घरचं कोणी जाऊन विचारलं नाही का कोचला?"