नागपूरची रंगभूमी नागपुरात नाही! वडशाचं नाटक चालतं कसं?

नमस्कार राजेहो! आज थेट प्रश्न. विदर्भात व्यावसायिक मराठी रंगभूमी आहे कुठे?

नागपूरकर असाल तर तुम्ही सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहाकडे बोट दाखवाल, नाहीतर रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहाकडे. पण तिथे पाचशे रुपयांचं तिकीट काढून आपण जे पाहतो, ते बहुतेक वेळा मुंबई-पुण्याहून आलेलं असतं. एक-दोन प्रयोग झाले की सेट गाडीत भरून मंडळी परत. विदर्भातल्या कलावंतांची चूल ज्या नाटकावर पेटते, ते नाटक इथून साधारण 140 किलोमीटरवर आहे. वडशाला. सरकारी कागदावर या गावाचं नाव देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. पण नाटकवाला कोणीही देसाईगंज म्हणत नाही.

(पडद्यावर नकाशा)

हे पाहा. नागपूर, उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी. पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा धान पिकवणारा पूर्व भाग, या सगळ्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. जंगल आणि तलावांचा मुलूख. इथे कापूस-संत्री डोक्यातून काढून टाका, इथे धान. पुढचं सगळं समजायला ही एवढी एक गोष्ट पुरते.

कारण हलका धान दिवाळीच्या सुमारास कापला जातो, भारी धान थोडा नंतर. घरात धान्य येतं, हातात पैसा येतो आणि शेतात काही काळ घाई नसते. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते. एकाच दिवशी सगळीकडे नाही बरं का! आज या गावची, परवा शेजारच्या गावची, अशा तारखा सरकत जातात. त्यामुळे पाहुण्यांना सगळीकडे फिरता येतं. दिवसा मंडई, गोवारी बांधवांची पूजेची ढाल, दंडार हे नाचगाण्याचं लोकनाट्य. नंतर हिवाळ्यात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. आणि रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, जावई येतात, त्यांच्यासोबत उपवर मुलंमुलीही येतात आणि सोयरिकी जुळतात. अनेक घरांत लग्नाची बोलणी सुरू झाली ती नाटकाच्या पाहुणचारातच.

हा सिलसिला होळीपर्यंत चालतो. मग कंपन्या बंद, कलावंत आपापल्या शेतीला किंवा कामधंद्याला.

आता थोडं मागे जाऊ.

या भागात नाटकाच्या आधीपासून दंडार होती. गाणं, नाच, मधे सोंग आणि सगळ्या भूमिकांत पुरुषच. खडीगंमत होती, गोंधळ होता, डहाका होता. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीवर आणि या लोककलांवर आयुष्यभर काम केलं म्हणून आज आपण हे एवढं नीट बोलू शकतो. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात 1843 मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, 1880 मध्ये किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं आणि संगीत नाटकाची लाट सगळीकडे पसरली. झाडीत ती पोचली तेव्हा तिला ऐकणारा कान तयार होता. रात्रभर जागून गाणं ऐकायची सवय दंडारीने आधीच लावली होती.

सुरुवातीला नाटक गावचीच पोरं करायची. मास्तर दिग्दर्शक, पाटील राजा, सुताराचा मुलगा राणी. 'एकच प्याला', 'लग्नाची बेडी' यांसारखी नाटकं अशी खेड्यापाड्यांत पोचली. अडचण होती ती पडदे, पोशाख, दागिने, मिशा, दिवे यांची. एका रात्रीसाठी हे सगळं कोण विकत घेणार? मग ते भाड्याने देणारे उभे राहिले आणि त्यांचं ठाणं झालं वडसा.

वडसाच का? गडचिरोली जिल्ह्याला रेल्वेचं जे स्टेशन होतं, ते हेच. गोंदिया ते बल्लारशा लाईनवरचं. नागपूरची मंडळी इतवारीहून छोट्या लाईनने नागभीडला यायची आणि तिथून गाडी बदलून पुढे. ती छोटी लाईन 2019 मध्ये बंद झाली, त्यावर एक वेगळा व्हिडिओ व्हायला पाहिजे. शिवाय चारही जिल्ह्यांतल्या गावांना वडसा सोयीचं. पडदे देणारे हळूहळू स्त्री-भूमिकेसाठी बाई मिळवून देऊ लागले, मग गायक, मग वादक, आणि शेवटी अख्खं नाटकच. पोशाख देणारी दुकानं नाटक कंपन्या झाल्या. आज सीझनच्या तोंडावर वडशात गेलात तर कंपन्यांची ऑफिसं आणि त्यांच्यावरचे फ्लेक्सच फ्लेक्स दिसतील. गावकरी येतात, नाटकांची नावं ऐकतात, कोण कलावंत आहेत ते विचारतात, घासाघीस करतात आणि तारीख पक्की करून जातात.

आता या धंद्याचा हिशेब बघा, कारण माझ्या मते सगळी गंमत इथे आहे.

कंपनी तिकीट विकत नाही. तिकीट विकतं गावचं मंडळ. मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं, मंडप घालतं, मैदान कनातीने बंदिस्त करतं, खुर्चीचं आणि जमिनीचं असे वेगवेगळे दर लावतं. नफा झाला तर तो देवळाला, शाळेला किंवा गावच्या एखाद्या कामाला. तोटा आला तर मंडळातली पोरं आपसात भरतात. म्हणजे जोखीम ज्याची, तोच पुढच्या रांगेत बसून नाटक बघतो. त्याला आवडलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरी कंपनी. कलावंताला याहून कडक परीक्षक कुठे मिळणार?

नागपूरचं गणित उलटं राहिलं. आपल्याकडे माणसं होती हो! पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर नागपूरचे, रंजन कला मंदिर त्यांचं. 'कट्यार काळजात घुसली' त्यांनी लिहिलं, त्यात खाँसाहेब झाले ते वसंतराव देशपांडे. तेही नागपुरात घडलेले. पण 1967 मध्ये ते नाटक रंगभूमीवर आणलं मुंबईच्या नाट्यसंपदेने. महेश एलकुंचवार राहतात नागपुरात, त्यांची नाटकं गाजली मुंबईच्या रंगमंचावर. सीताबर्डीचं धनवटे रंगमंदिर होतं, राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र होतं, हौशी संस्था तर किती! फक्त खिशातून पैसे घालून नाटक मागवणारा प्रेक्षक आपण उभा केला नाही. स्पर्धेपुरतं नाटक बसवायचं, बक्षीस घ्यायचं, सेट गोडाऊनमध्ये.

मग नागपूरने वडशाला काही दिलं का? दिलं की. अभिनेत्री दिल्या. पुरुष बायकांच्या भूमिका करायचे तो काळ मागे पडला तेव्हा नागपूरच्या कलावंत स्त्रिया चार-पाच महिने वडशात मुक्काम करू लागल्या. घर सोडून, रोज रात्री वेगळं गाव, पहाटे परत. त्यांच्याबद्दल आपल्या शहरात कोणी फारसं बोलत नाही, हे मला खटकतं.

प्रयोग कसा होतो तेही सांगतो. रात्री दहाच्या पुढे नांदी. समोर ऑर्गन, तबला, आता ऑक्टोपॅडही. गाणी कलावंत स्वतः गातात, तिथेच, त्याच क्षणी. तालमी? फार थोड्या. कलावंताला आपली नक्कल, म्हणजे आपल्या भूमिकेची संवादांची वही मिळते. काही वेळा समोरच्या नटाशी पहिली भेट मेकअपच्या खोलीतच होते. म्हणून इथला खरा कर्णधार प्रॉम्प्टर. तो विंगेत वही उघडून बसतो आणि नटाच्या अर्धं पाऊल पुढे राहून प्रत्येक वाक्य पुरवतो. नट रडत असतो, ओरडत असतो, पण एक कान विंगेकडे. दुसऱ्या अंकात विनोदी जोडी येते तेव्हा मात्र वही बाजूला. त्या गावच्या सरपंचाचं, त्या गावच्या रस्त्याचं नाव घेऊन तिथल्या तिथे विनोद होतात. या विनोदी भूमिकांतूनच मोठे झालेले डॉ. परशुराम खुणे, गडचिरोली जिल्ह्याचे. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

शहरी मंडळी म्हणतात, हे बटबटीत असतं. असतं! कुंकू पुसणं, सासूचा छळ, खलनायकाचं गडगडाटी हसणं, मधेच घुसवलेला रेकॉर्ड डान्स. काही प्रयोग तर मलाही बसवत नाहीत. पण याच रंगमंचावर दारू, हुंडा, शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे विषय आले आणि ते ज्यांच्या घरात घडतं त्यांच्यासमोर आले. 2019 मध्ये नागपुरात 99वं नाट्यसंमेलन झालं, त्याचे अध्यक्ष प्रेमानंद गज्वी. 'घोटभर पाणी', 'किरवंत' लिहिणारे. त्यांचा जन्म ब्रह्मपुरी तालुक्यातला, झाडीतला.

2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, पट थांबले. डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी आली, 2023 मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पट नव्हते त्या वर्षांतही नाटक चालूच होतं, मंडईच्या आधारावर. कोरोनाने मात्र काही काळ पडदा पाडला.

जायचं असेल तर सांगतो. दिवाळीनंतर ते होळीआधी कधीही. ब्रह्मपुरी किंवा वडशाच्या बसस्टँडवर चहाच्या टपरीवर विचारा, आज नाटक कुठे आहे म्हणून. भिंतीवरची पोस्टरं वाचा. स्वेटर, शाल, कानटोपी न्या, कारण डिसेंबरात धानाच्या बांध्यांतली थंडी हाडात शिरते. तिकीट खुर्चीचं काढू नका, जमिनीचं काढा आणि खाली अंथरायला पोतं किंवा चादर न्या. विनोदाला हशा कुठून फुटतो ते तिथेच बसून कळतं. आणि नाटक पहाटे चारच्या आधी सुटत नाही, तेव्हा परतीच्या गाडीची सोय आधी करून ठेवा.